दोन घोट हवा

हवा ही काय राखण करायची वस्तू आहे? पण सत्तरच्या दशकात हिंगोलीला नगरपालिकेच्या बंबावर नोकरीला होतो तेव्हा मी तेच करत बसलो होतो. आगीच्या कामासाठी पाठीवर बांधायची एक टाकी आमच्याकडं आली होती. तोंडावर मुखवटा चढवायचा, टाकीची चावी फिरवायची आणि धुरात शिरायचं. आत आपली रोजचीच हवा, फक्त दाबून भरलेली. हे मी सांगून सांगून थकलो. गावानं तिचं नाव ‘आक्शिजन’ ठेवलं ते ठेवलंच. आणि आक्शिजन म्हटलं की औषध!

टाकी घेऊन आत जायचं काम माझ्या जोडीदाराचं आणि बाहेर त्याच्या कमरेचा दोर धरून उभं राहायचं माझं. रोज सकाळी मी टाकीचा काटा बघायचो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो हटकून खाली आलेला असायचा. जोडीदाराला विचारलं तर म्हणायचा, “गळत असंल.” मी येड्यासारखा साबणाचं पाणी लावून फेस कुठं येतो ते शोधत बसलो. कुठंच येईना.

मग एका बाजाराच्या दुपारी चहा पिऊन लवकर परतलो, तर बंबाच्या सावलीत कनेरगाव नाक्याची शेळ्यावाली म्हातारी बसलेली, तोंडावर आमचा मुखवटा! मागं आणखी दोघं दमेकरी आपल्या पाळीची वाट बघत होते आणि आमचा दानशूर कर्ण चावी फिरवत होता. “हळू वढ मावशी, दोनच घोट.”

माझं डोकंच फिरलं. “काहून रे, दुकान मांडून राहिला व्हय? उद्या आगीत तू काय वढशील?”

“दादा, बरं वाटतं ना तिला. आन् आग का रोज लागती?”

“त्यात औषध न्हाई, नुसती हवा हाय!” मी ओरडलो.

म्हातारीनं मुखवटा काढला. “नुसत्या हवेनं यवढं मोकळं वाटतं का, बापा?”

मी कपाळाला हात लावला.

टाकी भरून आणायची तर औरंगाबादला पाठवावी लागे. साहेब म्हणाले, तिकडं कुणी जाणार असेल तेव्हा पाठवू. कुणी गेलं नाही, आणि मधेच हळदीच्या एका गोदामात बारदान पेटलं.

ज्वाळा थोड्या, धूर मरणाचा. आत एक हमाल झोपलेला होता. “अर्धीबी न्हाई टाकी, नको जाऊ,” मी म्हणालो. “पुरंल,” म्हणत तो शिरलाही. थोड्या वेळानं हवा संपत आल्याची शिट्टी आतून वाजायला लागली. मी दोर ओढला, तर त्यानंच तो उलट आत ओढला. मग शिट्टीही थांबली. मी त्याला एकसारख्या शिव्या देत होतो आणि रडत होतो. शेवटी हमालाच्या बगलेत हात घालून, त्याला फरफटत तो उलट्या पावली दारात आला. मुखवटा गळ्यात लोंबत होता.

हमाल लवकरच घरी गेला. जोडीदार मात्र दवाखान्यातच राहिला. छातीत धूर बसला, हा आता बंबावरच्या कामाचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

म्हातारी शेळीचं दूध घेऊन त्याला भेटायला आली. मी तिथंच होतो. उशाशी बसून तिनं घाबरत विचारलं, “लेकरा, मी वढली ती हवा तुला कमी पडली का रे?”

माझ्या जिभेवर ‘व्हय’ आलंच होतं. पण त्याला दोन शब्दांत धाप लागत होती, तरी तोच आधी बोलला. “न्हाई मावशी. टाकीच... खराब व्हती. इचार दादाला.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. संताप असा आला होता की त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्यात.

“खराबच व्हती,” मी म्हणालो.

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. दुधाचा तांब्या माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “मग नवी आली की सांगशील ना, बापा? थंडीत लई तकलीफ व्हती.”