डाव्या हाताची गाठ

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला बियांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं सगळं वन्संनी, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेनं. बी आतून वाळली की नाही ते कानाशी हलवून कसं ओळखायचं, कोणती साल उकळली की रंग लाल चढतो आणि कोणत्या मुळांनी तो मातकट होतो, दोऱ्याला मेण किती लावायचं, सगळं. पण शिकवायची तऱ्हा अशी, की शिकणारीला वाटावं, आपण जन्माला आलो तरी कशाला! "ही माळ आहे का गुरांचं दावं?" असं म्हणून वन्सं तिनं ओवलेली माळ दातांनी तोडायच्या आणि मणी पुन्हा ताटात ओतायच्या.

घराच्या परसापासूनच जंगल सुरू व्हायचं. बारा महिने ओलं, दाट, आत दोन हातांवरचं दिसू नये असं. तिथल्या उंच ताडांच्या बिया गोळा करणारे लोक पोती आणून मागच्या दारात टाकत. काही बिया मिरीएवढ्या बारीक, काही अंड्याएवढ्या मोठ्या. मोठी बी सोलली की आतून हस्तिदंतासारखी पांढरी आणि दगडासारखी कठीण निघायची. वहिनीचा नवरा पडवीत मशीनवर बसून त्यांच्या चकत्या करायचा, भोकं पाडायचा आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन उठायचा. दिवसभर मशीन बोलतंय, मग माणसानं आणखी कशाला बोलायचं, असं त्याला वाटत असावं. चहा हवा असला तरी तो रिकामा कप पुढे सरकवायचा.

मागच्या खोलीत दोघी बायका ओवायला बसत. खिडकीपाशी वन्सं, दाराजवळच्या अंधुक कोपऱ्यात वहिनी. वन्संनी लग्न केलं नव्हतं. आईच्या मागे धाकट्या भावाला त्यांनीच सांभाळलं, असं गल्लीत बोललं जाई. त्या डावऱ्या होत्या. माळ ओवून झाली की शेवटची गाठ त्या उलट्या बाजूनं वळवायच्या आणि दोऱ्याचं टोक शेवटच्या मण्याच्या पोटात असं लपवायच्या, की माळ संपते कुठे आणि सुरू होते कुठे ते शोधून सापडू नये. वहिनीनं ती गाठ शिकायचा खूप प्रयत्न केला. उजव्या हाताला ती जमण्यासारखीच नव्हती. शेवटी वन्संनीच सांगितलं, "राहू दे. तुझ्या हाताला जे येतं ते कर. निदान सुटणार नाही एवढं बघ." एवढ्या वर्षांत त्या तिच्याशी जरा मऊ बोलल्या त्या तेवढ्याच.

मग एका पावसाळ्यात वन्संच्या छातीत कफ धरला तो सुटलाच नाही. त्या गेल्या. नवरा रडला नाही. दिवसकार्य झालं आणि तो पुन्हा मशीनवर जाऊन बसला. वहिनीनंही डोळे पुसले आणि मनातल्या मनात कबूल केलं, की खोलीत आता जरा मोकळा श्वास घेता येतोय. काही दिवसांनी ती खिडकीपाशी बसायला लागली. उजेड तिथे चांगला होता, दुसरं काही कारण नव्हतं.

बाजारात दागिन्यांचं दुकान चालवणारी एक बाई त्यांचा माल घ्यायची. वहिनी नव्या माळा घेऊन गेली तेव्हा दुकानवाली एक माळ बोटांवर फिरवत म्हणाली, "अगंबाई, तुझ्या नणंदेच्या हातची अजून शिल्लक होती वाटतं?"

"नाही हो. या सगळ्या माझ्याच आहेत. परवाच ओवल्यात."

"मग ही गाठ?"

वहिनीनं माळ हातात घेतली. टोक सापडेना. नखानं मणी सरकवला तेव्हा दिसलं, गाठ उलटी वळलेली आणि दोरा मण्याच्या पोटात. तिनं दुसरी माळ पाहिली, तिसरी पाहिली. कुठे तिची स्वतःची गाठ, कुठे वन्संची. "होईल, हाताला वळण लागलं असेल," दुकानवाली हसून म्हणाली. वहिनीही हसली, पण परत येताना ती पिशवी अंगापासून लांब धरून चालली.

त्यानंतर ती स्वतःच्या हातांवर पाळत ठेवायला लागली. डोळ्यांत तेल घालून बघत असली की हात शहाण्यासारखे वागायचे. उजवा हात पुढे, गाठ सरळ. पण मन जरा दुसरीकडे गेलं, डाळ करपतेय का म्हणून नाक वर केलं, की खाली काहीतरी व्हायचं. भानावर येऊन पाहावं तो सुई डाव्या हातात आणि माळ पुरी झालेली. हात दुखत नव्हते, कापत नव्हते. उलट काम झपाट्यानं आणि सफाईदार व्हायचं, तेच तिला सहन होत नव्हतं. एकदा तिनं डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि नुसत्या उजव्यानं ओवायला गेली. मांडीखालची बोटं हलतच राहिली.

कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, नणंद मेली तरी हिचं तिच्याशी पटेना.

एका दुपारी मशीन बंद पडलं. नवरा पाना शोधायला खोलीच्या दारात आला. वहिनीची पाठ दाराकडे होती. तिला त्याची चाहूल लागली, पण हातातली माळ शेवटाला आली होती म्हणून ती वळली नाही. मागून हलकेच आवाज आला, "ताई?"

वहिनी दगडासारखी बसून राहिली. फक्त हात चालू होते. सुई डाव्या हातात होती, आणि डावा खांदा वन्संचा उचलला जायचा तसा उचलला जात होता. हे तिला तेव्हाच कळलं, एरवी स्वतःची पाठ कुणाला दिसते? बऱ्याच वेळानं पावलं परत गेली. पाना तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी तो बसला. तिच्या मागे, भिंतीला टेकून. आणि बोलायला लागला. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघताना मारामार, तो माणूस! मशीनचं पातं बोथट झालंय. यंदाच्या बिया आतून पिवळट निघतायत, जंगलात काही बरं दिसत नाही. उजव्या कानात सारखा घूं आवाज येतो, मशीन बंद केलं तरी थांबत नाही. वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. कानाचंही नाही. ती मान न वळवता ऐकत राहिली, आणि एकदा न राहवून तिनं वळून विचारलं, "अहो, मग कान दाखवला का नाही कुणाला?"

तो दचकून उठला. झोपेत चालणाऱ्याला कुणी जागं करावं तसा तिच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला.

तेव्हापासून तिनं वळायचं सोडून दिलं. दुपार झाली की ती खिडकीपाशी बसे, हात मोकळे सोडून देई आणि वाट बघे. तो येई, बोले. आपल्या नवऱ्याचा एवढा आवाज ती संसारात पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तो तिच्यासाठी नव्हता. कधी कधी तो तिच्याबद्दलही सांगायचा. "ती चांगली आहे गं. तू उगीच तिच्या मागे लागायचीस." ते ऐकून वहिनीचे डोळे भरले, पण पुसायला हात रिकामे नव्हते. ते कामात होते. आपल्याच घरात आपण चोरून ऐकतोय असं तिला वाटे, आणि तरी उद्याची दुपार कधी होते असंही वाटे. भीती वाटत नव्हती असं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना हात आपलेच आहेत ना, हे ती दोनदा बघायची.

आणि मग ती दुपार आली. पाऊस लागला होता, खोलीत ओल्या लाकडाचा वास भरला होता. तो येऊन भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? त्या दिवशी तू दार का उघडलं नाहीस?"

वहिनीला काही कळेना. तो बोलत राहिला. अण्णांनी, त्याच्या वडिलांनी, त्याला घरातून हाकललं होतं, तो कोवळा पोरगा होता तेव्हा. रानात बिया गोळा करणाऱ्यांबरोबर तो फिरला. एकदा ताप अंगात घेऊन भर पावसात परत आला, दार वाजवलं. अण्णा गावाला गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. आत ताई होती, तिची पावलं त्यानं ऐकली. दार उघडलं नाही. तो परत रानात गेला, आणि पुन्हा आला तेव्हा आई राहिली नव्हती. "एवढी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, पण विचारलं नाही. अण्णांच्या धाकानं नाही उघडलंस ना?"

वहिनीला म्हणायचं होतं, अहो, मला कसं माहीत असणार. तिनं तोंड उघडलं.

"उघडलं होतं रे."

आवाज तिचाच होता. पण आयुष्यभर ज्याला ती 'अहो' म्हणत आली त्याला तिच्या तोंडानं 'रे' म्हटलं होतं, आणि ते थांबत नव्हतं. "दार फुगून बसलं होतं. मी ओढतेय, ओढतेय. खांदा लावला, लाथ मारली. उघडलं तेव्हा तू वळणापाशी पोचला होतास. हाका मारल्या. पावसात तुला ऐकूच गेलं नाही."

मागून तो पुढे सरकला. "काय हाक मारलीस?"

"टुणटुण्या म्हणून."

हे नाव वहिनीनं कधी ऐकलं नव्हतं. सासरच्या कुणाच्याच तोंडून नाही, वन्संच्याही नाही. तिच्या हातातून माळ सुटली आणि बिया घरभर पळाल्या. मागे तिचा नवरा रडत होता. लहान मुलासारखा, नाक ओढत, आवाज न आवरता. ती वळली. तो तिच्याकडे बघत होता, तिच्याकडेच. पदराचं टोक तिनं पुढे केलं तर त्यानं ते घेऊन तोंड पुसलं.

"ते नाव तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

त्यानं मान हलवली आणि दोघंही खाली बसून बिया वेचायला लागले. पलंगाखाली गेलेल्या त्यानं झाडूनं ओढून काढल्या.

दुपारी तो पुन्हा कधी येऊन बसला नाही. वहिनीचे हातही त्या दिवसापासून सरळ झाले. दुकानवाली कुरकुरली, "ती गाठ छान बसत होती गं." वहिनीनं एकटी असताना मुद्दाम डाव्या हातात सुई धरून पाहिली. दोरा गुंतला, बोटात सुई गेली. काही केल्या येईना.

नवरा बोलका झाला असं म्हणता येणार नाही. पण जेवताना एखादं वाक्य बोलतो, कधी कानाबद्दल, कधी अण्णांबद्दल, बहुतेक ताटाकडे बघून. वहिनीनं त्याला डॉक्टरकडे नेलं. आता मशीनवर बसताना तो कानात कापूस घालतो.

तिला एकाच गोष्टीचा धसका बसला आहे. ते बोलणं चालू होतं तेवढा वेळ ती स्वतः कुठे होती, हे तिला आठवत नाही. ओल्या लाकडाचा वास आठवतो, आणि खांद्याला काहीतरी लागल्याचं. त्या खांद्यावर पुढे कितीतरी दिवस काळानिळा डाग होता. तो तिनं नवऱ्याला दाखवला नाही.

ती पुन्हा दाराजवळच्या कोपऱ्यात बसते. उजेड पुरत नाही म्हणून चष्मा लागला आहे. खिडकीपाशी नवऱ्यानं बियांची पोती रचून ठेवली आहेत. तिनं सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून रचली, आणि एक पोतं संपलं की तो त्या जागी लगेच दुसरं आणून ठेवतो.