वाळला का कोट?

खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, म्हणून पावसाळा सरला की मी अजूनही गाडीला सीलंटचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लेपाचा, हात देतो. आज डबा उघडला आणि त्या उग्र वासाबरोबर ती दुपार समोर उभी राहिली.

गाडी नवी होती, सीलंटचा दुसरा हात नुकताच दिला होता. माझे वडील, आप्पा, धुतलेला सदरा घालून पडवीत आले. माणगावहून निरोप होता, आजारी आत्या भावाची वाट बघत होती.

"कोट ओला आहे, आप्पा. हायवेची धूळ चिकटेल. उद्या नेतो."

"गाडी हाय का नवरी रे? हळद लागली म्हणून उंबरा न्हाय ओलांडायचा?" आप्पा हसले. रात्री सदरा न काढताच झोपले.

पहाटे फोन आला. आत्या गेली होती.

तिच्या अंगणात गाडी लावली, तेव्हा रडणारी माणसं बॉनेटमध्ये लख्ख दिसत होती. "काल गाडी बिघडली होती," मी सगळ्यांना सांगितलं. आप्पा खाली बघत राहिले. खरं काय ते मीही आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त पुढे शेवटपर्यंत, गाडीत बसण्याआधी दाराशी हात आखडून विचारायचे, "वाळलाय ना रे?"