एकच शिंगाडा

चतुर्थीला लिंबागणेशच्या देवळाबाहेर एक बाई उकडलेले शिंगाडे विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बघून तिचे हात बदलतात. दात पडलेल्या म्हाताऱ्याला ती शिंगाडा तळव्यावर कुस्करून देते. कडेवर लेकरू दिसलं, की त्याच्या आईला दरडावते, "बारीक करून चार, घशात अडकंल."

तिच्यामागे तिची शेळी बांधलेली असते. परवा जरा पुण्य पदरी पडावं म्हणून मी शेळीपुढे एक शिंगाडा धरला. बाईनं माझा हातच झटकला.

"तिला कावून चारता?"

"एकच तर आहे, मावशी."

"समदे एकच देतेत. मागली शेळी दिसभर असंच खाऊन फुगली अन् मेली. लई मायेनं चारलं लोकांनी." मग शेळीच्या पोटावरून हात फिरवत ती म्हणाली, "दादा, एवढ्या लोकांचं पुण्य हिच्या पोटात कसं मावावं?"

तो शिंगाडा मीच खाल्ला. तेवढ्यात एक जण केळं सोलत शेळीकडे आला. बाई गिऱ्हाइकात गुंतली होती, म्हणून मीच मध्ये उभा राहिलो.

"एकच आहे हो," तो म्हणाला.