उजव्या हाताची पकड

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. नाशिक रोडच्या एका कॉलनीतलं तळमजल्यावरचं घर. हजर – मी, फिजिओथेरपिस्ट. पेशंट कौसाआजी, वय बहात्तर. आणि त्यांचा मुलगा दिलीप. चौथं कोणीच नव्हतं, हे आधीच नोंदवते.

चमत्कार वगैरे असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. स्नायू हलला तर हलला, नाही तर नाही... वीस वर्षं एवढंच मानत आले.

आजी मूळच्या सटाण्याच्या. पाच महिन्यांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उजव्या हाताची ताकद दर आठवड्याला तपासायचे – शून्य.

माझा नियम असा की पेशंटला हात लावण्याआधी विचारायचं, पायांना सूज आहे का बघायचं, मग यादीवर टिक करायची. त्या दिवशी मला अर्धा तास उशीर झाला होता. म्हणून यादीवरच्या सगळ्या खुणा रिक्षातच करून टाकल्या. ‘परवानगी घेतली’, ‘पोटऱ्या तपासल्या’... सगळ्या.

“मॅडम, आज लेट! आईनं मस्टरवर लाल शेरा मारलाय,” दिलीप हसला.

आजी झोपल्या होत्या, चक्क घोरत होत्या. उठवलं नाही. बोलता येत नाही त्यांना, काय विचारायचं – असंच मनात आलं, खोटं कशाला सांगू? वाकून उजवा पाय उचलायला गेले...

आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

आजींचा उजवा हात होता तो. गादीवरून उचलून, नेम धरून आलेला. पकड अशी की बांगडी रुतली. आणि घोरणं चालूच!

“माय, सोड त्यास्ना हात! काय करी राह्यनी?” दिलीप त्यांच्या अहिराणीत ओरडला. आजी दचकून जाग्या झाल्या आणि हात निर्जीव होऊन खाली पडला.

मी थांबले. “आजी, पाय बघू का?” असं विचारलं. त्यांनी मान हलवली. लुगडं वर केलं तर उजवी पोटरी टम्म सुजलेली, लाल, गरम.

“दिलीप, व्यायाम बंद. चोळायचं नाही, तेल नाही. आत्ता हॉस्पिटल.”

नसेत रक्ताची गाठ निघाली. मी पाय हलवला असता तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. आजी नवव्या दिवशी घरी आल्या.

लकव्यात हात आपोआप आवळतो, हे मला माहीत आहे. पण तो असा उठून मनगट शोधत नाही. डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं पालथी घातली. उत्तर नाही. हाताची ताकद आजही शून्यच आहे.

दिलीपला ते लकव्याचं आवळणंच वाटतं. येईल-जाईल त्याला तो सांगतो, “मॅडमचं बारीक लक्ष, म्हणून माय वाचली.” ऐकून मान खाली जाते. आजींना बोलता येत नसलं तरी समजतं सगळं. त्यांच्यासमोर बसून सांगायचंय – आजी, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. दर भेटीला हे सांगायचं ठरवून जाते, पण “पाय उचलू का?” एवढंच विचारते आणि व्यायाम सुरू करते. ते सांगणं अजून झालेलं नाही.