हरणांचं रक्त आणि दादाचा दंड

माझी वहिनी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत डॉक्टर आहे. कशावरही शंका काढणं हा तिचा स्वभाव. दादाने तिला लग्नाचं विचारलं आणि आपलं प्रेम असल्याचं सांगितलं, तेव्हा तिने "कशावरून?" असं विचारलं होतं म्हणे. आई ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

त्या वर्षी आसपासच्या गोठ्यांत लाळ्या-खुरकुताची साथ येऊन गेली. गाई लाळ गाळत, लंगडत उभ्या असायच्या, दूध पार आटलं. साथ ओसरल्यावर गोठेवाल्यांना कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. जंगल उलटून बोलत नाही, तेव्हा ते हरणांच्या आणि रानडुकरांच्या डोक्यावर फुटलं. शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांचं रक्त बाटल्यांत भरून वहिनीच्या टेबलावर आलं.

तपासणी तशी सोपी. रक्तावरचं पाणी काढायचं, त्यात रसायनं घालायची. रंग गडद आला की जनावर निर्दोष, फिका पडला की रोग होऊन गेलेला. जवळजवळ सगळे नमुने फिके पडले.

प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. "चोर सापडला. आता कळप मारायची परवानगी मागतो."

"साहेब, ही तपासणी गाईंसाठी बनवलीय," वहिनी म्हणाली. "हरणांवर खरी ठरते कशावरून?"

"रक्त ते रक्त, बाई."

"आणि बाटल्या जीपमध्ये तापल्यात. रक्त नासून काळं पडलंय."

"तुम्हाला सगळ्यातच काळं दिसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी बैठक बोलावली.

घरी आल्यावर वहिनी जेवताना सारखी दादाच्या दंडाकडे बघत होती. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस दाराच्या चौकटीएवढा, पण सुई दिसली की पळ काढतो.

"जरासं रक्त द्याल का?" तिने विचारलं.

"कशाला?"

"तुम्हाला लाळ्या-खुरकूत आहे का बघायचंय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. शेवटी त्याने डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. आई म्हणाली, "दे बाबा, नाहीतरी तू नमुनाच आहेस."

वहिनीने त्या रक्ताचे दोन भाग केले. एक थंड पेटीत ठेवला, दुसरा गाडीच्या काचेमागे उन्हात. मग दोन्ही तपासले. थंड पेटीतला रंग छान गडद आला. उन्हातला हरणांसारखाच फिका पडला.

बैठकीला साहेब होते, गोठेवाल्यांचे अध्यक्ष होते. वहिनी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आणखी एक नर सापडलाय. अंगाने भरदार, वयाने मध्यम. तपासणीत रोग दिसतोय."

"मग त्यालाही मारायला हवं," साहेब म्हणाले. "कुठे फिरतो तो?"

"फिरत नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसतो. माझा नवरा आहे."

अध्यक्षांच्या नाकावर दादाच्याच दुकानातला चष्मा होता. तो काढून ते इतके हसले की साहेबांनाच त्यांना पाणी द्यावं लागलं. मग वहिनीने थंड पेटीतली गोष्ट सांगितली. साहेबांचे कान लाल झाले होते. वहिनीशी ते बरेच दिवस धड बोलले नाहीत, पण परवानगीचा अर्ज त्यांनी थांबवला आणि नव्याने रक्त घ्यायला लावलं. या वेळी जनावरांना भूल देऊन, बाटल्या बर्फात ठेवून. तपासणीही दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत, जास्त खात्रीच्या पद्धतीने झाली.

दादाची मात्र सुटका नव्हती. गिऱ्हाईकं दुकानात शिरता शिरता त्याला जीभ दाखवायला सांगायची.

मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल आला. हरणं सगळी निर्दोष. पण एका रानडुकरिणीला रोग खरोखरच होऊन गेला होता, आणि एव्हाना वहिनी गावभर सांगून बसली होती की जंगलात काही नाही. तिने निकाल दोनदा वाचला. मग स्वतः अध्यक्षांच्या गोठ्यावर गेली. मीही गेले, गंमत बघायला.

"एक डुकरीण निघाली," तिने सांगून टाकलं. "मी चुकले."

"म्हणजे रोग तिनेच आणला?"

वहिनीने गोठ्यामागे बोट दाखवलं. तिथे उरलेल्या चाऱ्याचा, नासक्या भाज्यांचा ढीग होता आणि त्यात डुकरांच्या खुरांचे ठसे. "रोज तुम्ही तिला जेवायला बोलावता. तिने तुमच्या गाईंना दिला की गाईंनी तिला, ते मला माहीत नाही."

वहिनीच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

अध्यक्षांनी पायाने ढीग जरा उकरून पाहिला. "कुंपण घालतो," ते म्हणाले. "पण गाई तरी बऱ्या झाल्यात ना आता?"

"कशावरून?" वहिनी म्हणाली आणि बाह्या सरसावून गोठ्यात शिरली.