'महावेरी' हे नाव कुठून आलं

हुमनाबादला हायवेवर लॉऱ्यांवर नावं रंगवायचं दुकान आहे. शाळा सुटली तसा मी तिथंच कामाला आहे. ब्रश धुवायच्या डब्याच्या तळाला रंग साचतो, तसे इथं किस्से साचतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

लॉरीवाले शरणप्पा एकदा म्हणाले, "मागं 'महावेरी' लिव!"

"ही कुठली देवी, अण्णा?" आमच्या मालकांनी विचारलं.

"देवी न्हाई रे! टीव्हीवरच्या मालिकेतले महादेव अन् कावेरी. त्यांचं लगीन कुणी होऊ देईना, म्हणून लोकांनीच नावं जोडून टाकली!"

रंग वाळायच्या आत एक म्हातारा लॉरीपुढं नारळ फोडून गेला!

*

मग शेजारच्या ढाब्यावरच्या नागनाथअण्णा आणि सुगलाक्का ह्या नवरा-बायकोलाही तसलं नाव हवं झालं. आधी कुणाचं?

"भाकरी कोण थापायलंय?" अक्कांनी विचारलं. झालं, ढाबा 'सुनाथ'!

पहिल्याच भांडणात अक्कांचा निरोप आला, "ते मागलं निम्मं पुसून टाका." मी पुसलं. संध्याकाळी परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत पुसलं.

मालक म्हणाले, "डबा झाकू नको. भांडायलेत अजून!"

*

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. लग्न मनात ठरलं की पोरीसुद्धा त्याचं नाव घ्यायचं बंद करतात. चहावाल्या अंबक्कांच्या नवऱ्याचं नाव महादेवप्पा. मग 'महावेरी' म्हणणार कशा? शरणप्पांची लॉरी दिसली की ओरडायच्या, "आमच्या ह्यांची अन् कावेरीची गाडी आली!"

"आँ? अक्का, काका कधी पळाले तिच्यासंगं?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

त्याला अजून बिनसाखरेचा चहा मिळतो!

*

माझंही नाव महादेव. मंठाळला रत्नाला बघायला गेलो, तेव्हा मी पोह्यांच्या बशीकडंच बघत बसलो. "पोरगा मुका हाय काय?" तिच्या मावशीनं विचारलं. मला रत्ना फार आवडली होती. पण तिकडून निरोप काही येईना.

मग एक दिवस ट्रॉलीवर नाव घालायच्या निमित्तानं तिचे अप्पा दुकानात आले. सोबत रत्ना! समोरच 'महावेरी' उभी होती.

"ह्यानंच रंगवलंय व्हय?" अप्पा म्हणाले. "चष्मा घरी ऱ्हायला. रत्ने, काय लिवलंय, वाच की."

रत्नानं लॉरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग स्वतःच्या चपलांकडं.

"मागलं निम्मं 'वेरी' हाय, अप्पा," ती म्हणाली. "पहिलं तुमीच वाचा."