शेवटच्या खुर्चीवर बिराजदार सर

आधी चहा घ्या. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला आयुष्यात पुन्हा कसली यादी करायला सांगणार नाही.

मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तासापुरती मॅडम, घंटा झाली की कुणीच नाही. जूनमध्ये पूर्णवेळ जागा निघणार होती आणि मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून लातूरचे बिराजदार सर येणार, अशी पक्की खबर होती. अकरावी-बारावीला मी लातुरात त्यांच्याच हाताखाली शिकले होते. ते मला ओळखतील की नाही, याची धास्ती. ओळखलं तर जास्त धास्ती. मी ड बॅचला होते!

लातुरात बॅचा मार्कांवर पडतात, हे तुम्हाला मी काय सांगू? अ म्हणजे डॉक्टर. ड म्हणजे, बघू.

तर फेब्रुवारीत आमच्याकडं फिजिक्सच्या शिक्षकांची परिषद ठरली. विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावून सांगितलं, की मागच्या वेळी लातूरवाले लातूरवाल्यांत जेवले आणि नांदेडवाले नांदेडवाल्यांत. यंदा ओळखी झाल्या पाहिजेत. तू गट पाड.

चाळीस माणसं, चार गट. फॉर्म आले त्या क्रमानं मी नावं घातली. वर ठळक अक्षरांत अ, ब, क, ड लिहिलं आणि याद्या हॉलच्या दारावर चिकटवल्या.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल.

सकाळी दारापुढं ही गर्दी. पंचवीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं, पण प्रत्येकाचं बोट अ च्या पहिल्या नावावर टेकायचं आणि सावकाश खाली सरकायचं. अ मध्ये नाव सापडलं की चष्मा पुसत आत. ब मध्ये सापडलं की शेजाऱ्याचं कुठं आहे ते बघायचं. क पर्यंत आलेलं बोट तर मला बघवेना.

उदगीरचे एक सर माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली.

"मॅडम, बावीस वर्षं झाली शिकवायलोय. क मधी कशावरून घातलं?"

मी दचकले. मी दचकतेच. घरात भांडं पडलं तरी आधी पंखा हलतोय का बघते. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी मी पाळण्यात होते, पण ही सवय आईकडून आली. आणि दचकले की तोंडाला येईल ते बोलते.

"सर, आजच्या दिवस बसा ना. उद्या गट बदलणारेत."

खरंच बदलणार होते, नव्या ओळखी व्हाव्यात म्हणून. सरांनी मात्र मान डोलावली, आत गेले, आपल्या गटाच्या टेबलावर काहीतरी कुजबुजले आणि दोन मिनिटांत अख्ख्या क गटानं वह्या काढल्या.

मग काय विचारता. क वाल्यांनी भाषणाला आलेल्या पाहुण्यांना प्रश्नांनी भंडावलं. ते बघून ब वाल्यांचे हात वर. अ वाले चहाला उठेनात, जागा जाईल म्हणून. ओळख कोण कुणाशी करून घेणार? शेजारचा आता स्पर्धक होता. देगलूरच्या एका मॅडमनी तर हातानं वही झाकून घेतली. मी कळवळून सांगितलं, की हे मार्कांवर नाहीये हो.

त्या म्हणाल्या, "आम्हीपण पोरांना हेच सांगतो."

शेवटी धीर करून मी ड गटाकडं पाहिलं. मागं, शेवटच्या खुर्चीवर, बिराजदार सर.

त्यांचा फॉर्म सगळ्यात शेवटी आला होता, एवढंच. पण माझा जून महिना तिथंच संपला. मी जवळ जाऊन पुटपुटले, "सर, माफ करा."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ड बॅच. खिडकीकडचा तिसरा बाक. बरोबर?"

"हो सर."

"तुला ड मधून क मधी न्यायला मला दोन वर्षं लागली. तू मला एका सकाळीत ड मधी आणलंस. तुझा हात माझ्यापेक्षा लई चालतो बघ."

सगळं टेबल खो खो हसलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या हॉलमध्ये हसणारं हे एकच टेबल होतं. माहूरच्या सरांनी प्रसादाचा पुडा फोडला होता, किल्लारीच्या मॅडम सगळ्यांचे फोन नंबर लिहून घेत होत्या. ओळखी झाल्या त्या फक्त इथंच. यांना आणखी खाली जायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि गटांना फळांची नावं दिली. तर कालच्या अ वाल्यांनी विचारलं, यातला अ कोणता?

जूनमध्ये मुलाखत झाली. सरांनी अवघड काही विचारलं नाही. जागा मिळाली.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये वेळापत्रक लागलं. मी अ च्या पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि सावकाश खाली आणलं. अ मध्ये नाही. ब मध्ये नाही. क मध्येसुद्धा नाही. सगळ्यात खाली, अकरावी ड, वर्गशिक्षिका म्हणून माझं नाव.

मागून विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "बिराजदार सरांनीच सुचवलं. म्हणाले, तिला ड चा दोन्हीकडून अनुभव हाय."

मी दचकले आणि सवयीनं वर बघितलं. पंखा जागच्या जागी होता.